पावसाळ्यात घरी केलेले डेकल: पसरणारी शाई आणि दुधट पडणारं क्लिअर

तुमच्या सी हॅरियर या नौदलाच्या लढाऊ विमानाच्या १/७२ मॉडेलचे (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या) फोटो पाहिले. घरी छापलेलं डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायचं चित्र, पाण्यात टाकताच शाई पसरली आणि वरचा क्लिअर (पारदर्शक वार्निशचा) स्प्रे दुधट झाला, असं तुम्ही लिहिलंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर क्लिअर मारावंच लागतं. पहिला हात अगदी हलका, लांबून. ओला थर दिलात तर स्प्रेमधलं द्रावकच शाई ओढतं. मग दोन-तीन थर. लेझरचा टोनर पाण्याला दाद देत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर गोव्यात मी लेझरच सुचवेन. झेरॉक्सवाल्याकडे जाताना डेकलचा कागद लेझरसाठीचाच न्या. इंकजेटचा कागद आतल्या उष्णतेने वितळून त्याच्या मशीनला चिकटू शकतो.

दुधटपणा हवेचा. द्रावक झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर धरते. पाऊस कोसळत असताना बाल्कनीत स्प्रे करूच नका. उघडीप असलेली कोरडी दुपार गाठा. बिघडलेलं पान फेकू नका, कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा हलका हात दिला की बरेचदा साफ होतं. कोरे कागद सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा.

आता खरा पेच पांढऱ्याचा. घरचे प्रिंटर पांढरा छापत नाहीत. आपल्या लष्करी विमानांवरच्या वर्तुळचिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा. पारदर्शक फिल्मवर (डेकलच्या कागदावरच्या पातळ थरावर) छापलंत तर विमानाचा करडा रंग मधून डोकावणार. ते चिन्ह आणि नौदलाच्या ३०० स्क्वाड्रनचा (विमानतुकडीचा) पांढरा वाघ पांढऱ्या फिल्मवरच छापा. वर्तुळ केशरी कडेवर नेमकं कापा, पांढरी दिसणारी कड केशरी मार्करने रंगवा आणि मग ब्रशने त्या कडेवरून क्लिअर फिरवा, कारण पाणी तिथूनच शिरतं. आकडे-अक्षरं मात्र पारदर्शकवर, भोवती मिलिमीटरभर जागा सोडून. माप सोपं आहे: खरं ३६ सेंटिमीटरचं अक्षर १/७२ मध्ये ५ मिलिमीटर. जागा आणि रंग ताडून पाहायला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर उभं आहे. तासभर काढून जाच.

चिकटवताना खालचा रंग चकचकीत हवा, नाहीतर खाली हवा अडकून रुपेरी डाग दिसतात. पॅनेलच्या रेषांवर मऊ करणारं सेटिंग सोल्यूशन लावा, पण आधी उरलेल्या तुकड्यावर. घरचं क्लिअर कधी कधी त्याने सुरकुततं. मॅट थर सगळ्यात शेवटी.