जळगावचे आम्ही दोघे कोकणात कायाकवरून सुरमई धरायला जातोय. हतनूर धरणावरचा सराव पुरेल का?

अर्धाच. उलटलेल्या कायाकवर परत चढणं मात्र हतनूरलाच पक्कं करा, लाइफ जॅकेट घालून: कायाक सरळ करा, पाय पाण्यावर मारत पोट आडवं टाका, मग वळून बसा. ज्याला हे जमत नाही त्याने समुद्रात जाऊच नये.

धरणातल्या कटला माशाला नायलॉन चालतो, सुरमईचे दात तो कचकन कापतात. गळाआधी 30–40 सेंमी स्टीलची तार हवीच. 30 पौंडी ब्रेडला (विणलेल्या दोरीला) ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, साधारण 4 किलो, वजनकाटा लावून तपासा. अंदाजाने घट्ट केला तर दोरी तरी तुटते, नाहीतर तुम्ही तरी पाण्यात. मासा लागला की रॉड पुढच्या टोकाकडे ठेवा, म्हणजे तो कायाक ओढत नेईल. आडवा ओढला की उलटलात.

मित्राने लगेच आपली दोरी गुंडाळून 20–30 मीटरवर थांबावं. जवळ आला तर दोऱ्या गुंतणारच.

पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्रात ढकलतो, तेव्हा जाताना सोपं वाटतं ते फसवं असतं. दुपारचा खारा वारा लाटा उठवतो, त्याआधी किनारा गाठा. पावसाळ्यात नकोच. वॉटरप्रूफ पिशवीत फोन. तटरक्षक दलाचा नंबर 1554.