भागिले पंचवीस: क्लासिक गाड्यांच्या किटबद्दल तुमचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये प्लास्टिकच्या मॉडेल गाडीचं किट जोडायचं कसं असं विचारणारे थोडेच आहेत, किटमध्ये जे दिलेलंच नाही ते कसं घालायचं असं विचारणारे भरपूर, आणि मला त्याचा खूप आनंद झाला. सगळी पत्रं घेता आली नाहीत, जे प्रश्न दोघातिघांनी विचारलेत ते आधी घेतलेत.

प्रश्न: १९५७ च्या शेवरोले बेल एअरचं १/२५ किट (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या भागाएवढं) करतोय. इंजिनला स्पार्क प्लगच्या वायरी लावल्या, उठून दिसाव्यात म्हणून लाल घेतल्या, पण त्या वायरी न वाटता पाइप वाटतात. आणि कुठली वायर कुठे जाते तेही नीट सांगा.

उठून दिसायला हवं हा विचार आधी सोडा, खऱ्या गाडीत ते कसं दिसतं तेवढंच बघा. खऱ्या प्लग वायरची जाडी साधारण ७ मिलिमीटर, भागिले २५ केलं की ०.२८. म्हणजे तुम्हाला ०.३ च्या आसपासची तार हवी. तुम्ही बहुतेक आवरणवाली बारीक इलेक्ट्रिक वायर घेतलीये, ती ०.८ च्या आसपास भरते आणि ०.८ गुणिले २५ म्हणजे २० मिलिमीटर, एवढी जाड प्लग वायर कुठल्याच गाडीत नसते. माझ्या पहिल्या इंजिनात मी हेच केलं होतं, सगळं उपटून परत करावं लागलं. ती वायर फेकू नका मात्र, हीटरचा होज साधारण तेवढाच जाड असतो, तिथे ती छान बसते.

प्लगसाठी छोट्या मोटरच्या वाइंडिंगमधली एनॅमल चढवलेली तांब्याची तार घ्या, वाकवली की तशीच राहते हा तिचा मोठा गुण. रंग काळा, मॅट किंवा सेमीग्लॉस. लाल, पिवळ्या, निळ्या वायरी हॉट रॉडला, म्हणजे वेगासाठी बदल केलेल्या जुन्या गाडीला शोभतात, कारखान्यातून आलेली ५७ ची गाडी दाखवायची असेल तर काळीच.

आता डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा भाग. किटमधली कॅप जेमतेम साडेतीन मिलिमीटरची असते आणि तिच्यावर ९ भोकं पाडायची, कडेने ८ प्लगची आणि मधलं कॉइलचं. पिन वाइसमध्ये (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिल-दांड्यात) ०.३५ चा ड्रिल लावा, पण त्याआधी सुईच्या टोकाने नऊही जागा दाबून खूण करून घ्या, नाहीतर ड्रिल गोल प्लास्टिकवरून सरकतो आणि शेवटच्या भोकाला जागाच उरत नाही. आधी मधलं, मग समोरासमोरची चार, मग त्यांच्या मधली चार. कॅप स्प्रूवरून (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून) कापायच्या आधीच हे करा म्हणजे धरायला दांडा मिळतो. तारेचं टोक सुपरग्लूमध्ये जरासं बुडवून बसवायचं, ग्लू कॅपवर ओतायचा नाही.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या बाजूला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८, कॅपच्या आतला रोटर वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, त्यामुळे कॅपवरही त्याच दिशेने हा क्रम लावत जायचा. या शेवरोले व्ही-८ मध्ये डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागच्या टोकाला आणि प्लग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या जाड नळ्यांच्या) खालच्या अंगाला असतात, मूळ गाडीत वायरी मागून खाली उतरून मॅनिफोल्डखालून पुढे येतात, म्हणजे बघणाऱ्याला दिसतो तो फक्त कॅपमधून निघणारा झुपका. तो झुपका नीट जमला तर निम्मं काम झालं. आणि हो, त्या गाडीला जनरेटर होता, अल्टरनेटर नाही, दुसऱ्या किटमधला सुटा भाग उचलून लावणार असाल तर तेवढं बघून घ्या.

रेडिएटरच्या होजसाठी २ मिलिमीटरच्या आसपासची सोल्डरची तार वापरा, बोटाने हवी तशी वळते.

प्रश्न: क्रोमचे भाग फार चमकतात, खेळण्यासारखे वाटतात, आणि बंपरवर मोल्डची रेघ (साच्याच्या जोडाची) पण दिसते. क्रोम काढून टाकू का?

रेघ दिसत असेल तर काढाच, क्रोमच्या वरून ती घासता येत नाही. कपड्यांच्या ब्लीचमध्ये भाग बुडवून ठेवला की चकाकी काही वेळात निघून जाते. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर चुकूनही मिसळू नका, अॅसिड किंवा अमोनिया असलेलं काही पडलं तर विषारी वायू तयार होतो. चकाकी गेल्यावर खाली बऱ्याचदा पिवळसर लॅकरचा थर राहतो, बारीक रेषा बुजलेल्या असतात त्या त्याच्यामुळेच. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टूथब्रशने घासला तर पुष्कळदा निघतो. मग रेघ घासायची, ग्लॉस काळ्याचा गुळगुळीत थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि त्यावर क्रोमचा रंग अगदी पातळ मारायचा. काळा जितका गुळगुळीत तितकं क्रोम खरं दिसतं, सगळा खेळ त्या काळ्याचाच आहे.

रेघ नसेल तर मात्र काढायच्या भानगडीत पडू नका. ग्रिलच्या फटींमध्ये काळा वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग सोडा आणि वरचं पुसून घ्या. खऱ्या ग्रिलच्या फटीतून मागचा अंधार दिसतो, किटमध्ये तिथेही क्रोमच असतं, खेळण्यासारखं वाटतं ते म्हणून.

प्रश्न: खिडकीभोवतीच्या पट्ट्यांना बेअर मेटल फॉइल (चिकटणारा अतिपातळ धातूचा कागद) लावतो पण कापताना फाटते. आणि डिकीवरची बारीक अक्षरं ब्रशने रंगवता येत नाहीत.

फाटते ती ब्लेडमुळे. एका गाडीला मी तीन-चार नवीन टोकं वापरतो, ब्लेड जरा बोथट झालं की ते फॉइल कापत नाही, ओढतं. फॉइल पट्टीपेक्षा दुप्पट रुंद कापा, बसवा, आधी बोटाने आणि मग टोक काढलेल्या लाकडी काडीने कडेकडेने दाबत जा म्हणजे पट्टीची कड फॉइलमधून स्पष्ट वर येते, आणि मग ब्लेडचं स्वतःचं वजन जेवढं आहे तेवढ्याच दाबाने त्या कडेवरून ओढा. कोपऱ्यात एकच तुकडा वळवू नका, दोन तुकडे एकमेकांवर किंचित चढवा, दाबल्यावर जोड दिसतही नाही.

अक्षरांसाठी उलटा रस्ता आहे आणि तो शिकल्यापासून मी ब्रश लावलेलाच नाही. प्रायमर झाला की रंगाच्या आधी अक्षरांवर फॉइलचा छोटा तुकडा बसवा, काडीने दाबून अक्षरं वर आणा, अक्षरांच्या अगदी जवळून जास्तीचं कापून टाका. मग पूर्ण बॉडीला रंग मारा. रंग वाळला की थिनरमध्ये जेमतेम ओलसर केलेलं कापड बोटावर ताणून फक्त उंचवट्यावरून फिरवा. तेवढ्याच जागचा रंग निघतो आणि खालची फॉइल चमकते, अक्षर न् अक्षर. क्लिअर कोट याच्यानंतर. पण आधी एखाद्या भंगार बॉडीवर करून बघा, थिनर जरा जास्त झाला की आजूबाजूचा रंगही जातो.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे. मला दरवाजे उघडणारी गाडी करायची आहे. कापू का?

काप की, पण तुझी पहिली बॉडी असेल तर जी वाया गेली तरी चालेल अशी घे.

आधी दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्यांमध्ये एक आडवी स्टायरीनची (किटच्याच प्लास्टिकची) काठी चिकटव, दरवाजे निघाले की बॉडी मऊ पडते आणि मधून वाकते. मग दरवाज्याच्या रेषेतून ब्लेडच्या पाठीने, म्हणजे धारेच्या उलट्या बाजूने, हलकेच ओढत राहायचं. धारेने प्लास्टिक फाकतं आणि ब्लेड रेषा सोडून पळतं, पाठीने केसासारखी साल निघते. तीस-चाळीस वेळा ओढावं लागतं, घाई केलीस तर चुकणार. ब्लेड स्वतःकडे येईल असं धरू नकोस आणि घरातल्या मोठ्या कुणाला तरी सांगून बस.

आता भागिले पंचवीस. कापल्यावर फट अर्धा मिलिमीटरची झाली तर खऱ्या गाडीत ती साडेबारा मिलिमीटर होते, म्हणजे दरवाजा निखळल्यासारखा दिसेल. म्हणून दरवाज्याच्या कडेला ०.२५ ची स्टायरीनची पट्टी चिकटवून फट परत भरून आणायची आणि घासत घासत बसवायचं. दुसरं म्हणजे खरा दरवाजा आतून पोकळ पेटीसारखा असतो, चांगला चार-पाच इंच जाड, किटमधला नुसता पत्र्यासारखा. त्याला आतून दुसरा पत्रा लावून चार-पाच मिलिमीटरची जाडी द्यायची. चाकावरच्या कमानीचं मात्र बरोबर उलटं आहे, तिथे खरा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा आणि किटची बॉडी गुणिले पंचवीस केली तर अडीच-तीन सेंटिमीटर, त्यामुळे ती कड आतल्या बाजूने घासून घासून पातळ करायची. हे एवढंच केलंस आणि दरवाजे नाही कापलेस तरी गाडी बदलून जाते, खरंच.

बिजागरी हंसाच्या मानेसारखी वाकवलेल्या तारेची कर, सरळ तारेने दरवाज्याची पुढची कड फेंडरला अडकते. तार पुढच्या खांबाला उभ्या चिकटवलेल्या पितळी नळीत फिरते. आधी कागद कापून बघ तो कसा फिरतो, मग तार वाकव.

प्रश्न: १९४९ च्या मर्क्युरीचं छत खाली करायचंय. किती कापू?

मर्क्युरीत सगळ्यांच्या डोळ्यासमोर येते ती हिरोहाटा मर्क, १९५१ ची गाडी, गाड्यांचं रूप बदलून देणाऱ्या बॅरिस बंधूंनी केलेली. तिचं छत पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच खाली घेतलेलं. १/२५ मध्ये ते पुढे ४ आणि मागे ७ मिलिमीटर. बघा, दोन्हीकडे सारखं कापलेलं नाही, आणि सारखं कापलं की छत टोपीसारखं वर ठेवल्यासारखं दिसतं, मी बघितलेल्या बहुतेक मॉडेलमध्ये हीच चूक असते.

खांबांवर मास्किंग टेपच्या दोन रेषा लावा, मधला तुकडा बारीक करवतीने काढा. खांब तिरके असल्याने छत खाली आलं की टोकं जुळत नाहीत, तेव्हा खांब ओढून जुळवू नका, छतच आडवं कापून मध्ये स्टायरीन भरा. पुट्टी दोन भाग मिसळायची घ्या, ट्यूबमधली वाळताना आकसते आणि रंग मारल्यावर महिन्याभराने जोड परत वर येतो. काच किटमधली बसणार नाही, ०.२५ च्या पारदर्शक शीटमधून कापा आणि पांढऱ्या पीव्हीए ग्लूने लावा, सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.

प्रश्न: जुन्या मॉडेलच्या चाकांचं प्लास्टिक टायर लागतं तिथे वितळलंय. रंगामुळे का?

रंगामुळे नाही. जुन्या किटमधल्या मऊ व्हिनाइल टायरमधलं तेलकट प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि स्टायरीनला खातं. खराब झालेला भाग घासून भरून घ्या, रिमच्या कडेला जिथे टायर टेकतो तिथे फॉइलची पट्टी लावा आणि मगच टायर चढवा. डब्यात ठेवलेल्या न जोडलेल्या किटमधले टायरही आजच बाहेर काढून वेगळ्या पिशवीत ठेवा, ते बॉडीला किंवा काचेला टेकून पडलेले असतील तर तिथेही खड्डा पडतो.