पहिल्यांदाच सेव्हिलला चाललोय, अडीच दिवसांत काय चुकवू नये?

तुम्ही लिहिलंय की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही, बायको आणि आई असे तिघं स्पेनमधल्या सेव्हिलला जाताय, हातात अडीच दिवस आहेत, आई पक्क्या शाकाहारी, त्यांचे गुडघे दुखतात, आणि नेटवरच्या 'टॉप टेन' याद्या वाचून डोकं गरगरतंय. मी कामानिमित्त सव्वा वर्ष माद्रिदला होतो, तेवढ्यात सेव्हिलला तीनदा जाऊन आलो. एकदा ऑगस्टमध्ये (वेडेपणा, पुढे सांगतो), एकदा मार्चमध्ये एकटा आणि एकदा आई-बाबांना घेऊन. म्हणजे तुमची केस मला बरीच ओळखीची आहे.

माझं एकच म्हणणं आहे, तिथं काय बघायचं यापेक्षा किती वाजता बघायचं हे जास्त महत्त्वाचं आहे. या गावाचं घड्याळ आपल्यापेक्षा वेगळं चालतं. दुपारचं जेवण दोन-अडीचला, चारच्या सुमारास बरीच किचन्स बंद, मग साडेआठ-नऊशिवाय धड जेवण मिळत नाही. आमच्या बाबांना साडेसातला ताट समोर लागतं, पहिल्या दिवशी आम्ही सात वाजता एका रेस्टॉरंटच्या दारात उभे आणि आत वेटर खुर्च्या लावतोय, आमच्याकडे असं बघितलं त्याने की जणू पहाटे पाचला पाहुणे आलेत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सरळ स्पॅनिश टाइमटेबल घेतलं, उशिरा उठा, दोनला पोटभर जेवा, चार ते सहा हॉटेलवर आडवं व्हा, आणि सहाला बाहेर पडा. आईंच्या गुडघ्यांनाही हेच झेपेल. आणि हो, मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे जातात, त्याच वीकेंडला ट्रेन असेल तर नीट बघा. त्यानंतर सूर्य मावळायलाच साडेआठच्या पुढे वाजतात, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक मिळते.

सकाळची पहिली वेळ अल्काझारला द्या. तिकीट ऑनलाइन आणि आधी काढा, दारात जाऊन बघू म्हणालात तर उन्हात रांगेत उभे राहाल. हा राजवाडा मुसलमानी दिसतो म्हणून सगळे मूर, म्हणजे तिथं राज्य केलेल्या मुसलमान लोकांनी बांधला म्हणून मोकळे होतात, पण त्यातला सगळ्यात देखणा भाग चौदाव्या शतकात पेद्रो नावाच्या ख्रिश्चन राजाने बांधून घेतलाय. कारागीर मुसलमान, शैली त्यांची, आणि दर्शनी भिंतीवर निळ्या टाइल्समध्ये चक्क अरबीत 'अल्लाहशिवाय विजेता नाही' असं कोरलंय, तेही ख्रिश्चन राजाच्या घरावर! हे माहीत नसताना मी पहिल्यांदा नुसते फोटो काढत फिरलो, दुसऱ्यांदा माहीत होतं तेव्हा त्या भिंतीसमोरून हलवेना. वरचा मजला आजही स्पेनच्या राजघराण्याकडे आहे. आत मोर हिंडतात, बागा एवढ्या मोठ्या की आईंना एका बाकावर बसवून तुम्ही दोघं तासभर फिरून येऊ शकता, त्यांचंही काही बिघडणार नाही, कारंज्याचा आवाज आणि सावली. 'गेम ऑफ थ्रोन्स' बघितलं असेल तर डॉर्नचा राजवाडा म्हणून हीच जागा दाखवलीय, बायकोला सांगून ठेवा.

मग कॅथेड्रल. बांधायला १४०१ मध्ये सुरुवात झाली, शंभरेक वर्षं लागली, आधी तिथं मशीद होती. तिचा मिनार पाडला नाही, त्यावरच घंटा चढवल्या, तोच हा खिराल्दा (लिहिताना गिराल्डासारखं दिसतं, पण तिकडे 'ख' म्हणतात). आता तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे शंभर मीटरच्या वर उंची असलेल्या या मनोऱ्यात चढायला जिनाच नाही, पस्तीस उतार आहेत, एकावर एक गोल गोल जाणारे. बांग देणाऱ्याला घोड्यावर बसून वर जाता यावं म्हणून असं केलं होतं म्हणतात. अगदी शेवटी थोड्या पायऱ्या आहेत तेवढ्याच. माझी आई, जी सिंहगडाच्या पार्किंगमधूनच गड बघते, ती थांबत थांबत, प्रत्येक खिडकीशी टेकत वर पोचली आणि वरून खाली बघून म्हणाली, "अगंबाई, सगळ्या गच्च्यांवर दोऱ्या आणि कपडे वाळत घातलेत." एवढ्या मोठ्या शहराचा नजारा समोर आणि हिचं लक्ष कुठे, तर दोऱ्यांवर.

कोलंबसचं थडगंही आत आहे, चार राजांनी खांद्यावर शवपेटी धरलीय असं शिल्प, ते चार म्हणजे कास्तिया, लेओन, आरागोन आणि नवार्रा ही तेव्हाची चार राज्यं. दहा मिनिटं पुरतात.

बाहेर पडल्यावर एक सावधगिरी. कॅथेड्रलच्या आसपास काही बायका हातात रोझमेरीची काडी कोंबतात, मग हात बघून भविष्य सांगतात आणि मग पैशांसाठी मागे लागतात. काडी घेऊच नका. आमच्या आईने प्रसाद समजून घेतली होती, पाच युरो गेले.

मार्चमध्ये जाताय याचं खरं बक्षीस वेगळंच आहे. सेव्हिलच्या रस्त्यांवर हजारो संत्र्याची झाडं आहेत, सावलीला लावलेली, आणि मार्चच्या आसपास त्यांना पांढरी फुलं येतात. तिकडे त्या फुलाला 'आसाआर' म्हणतात, आणि रात्री साडेनऊ-दहाला सांता क्रूस भागातल्या अरुंद गल्ल्यांतून चालताना तो वास असा येतो की मोगरा आणि लिंबाचं फूल एकत्र केल्यासारखा. याला तिकीट नाही, रांग नाही, पण वेळ आहे, दुपारी ट्रॅफिकमध्ये नाही येत, रात्री जा. शब्दाचीही गंमत बघा, स्पॅनिशमध्ये संत्र्याला 'नारांखा' म्हणतात, आपलं नारिंग फारसी आणि अरबीतून फिरत फिरत तिथं जाऊन बसलंय. फक्त झाडाचं फळ तोडून खाऊ नका. मी खाल्लंय. ही कडू जात आहे, इंग्रज लोक मार्मलेड करायला हीच संत्री नेतात, तोंडात जी कडवट आंबट चव बसली ती कॉफी पिऊनही गेली नाही, आणि समोरच्या बाकावरचे दोन आजोबा पोट धरून हसत होते.

प्लाझा दे एस्पान्या म्हणजे तो अर्धगोल मोठा चौक, पूल, टाइल्स, सगळ्या फोटोंत दिसतो तो. १९२९ च्या प्रदर्शनासाठी बांधला. स्पेनच्या प्रांतांचे टाइल्सचे कोनाडे आहेत, सुंदर आहे, फुकट आहे, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, तासाभरात उरकतं. भर दुपारी सावली शोधत बसाल.

आता त्रियाना. नदीच्या पलीकडचा हा भाग, माझ्या मते अडीचपैकी अर्धा दिवस याला द्याच, आणि वेळ नसेल तर बाकी काही कापा पण हे नको. लोखंडी पूल ओलांडला (१८५२ चा आहे) की लगेच उजवीकडे मार्केट. आपल्याकडच्या मंडईसारखं, भाजी, ऑलिव्ह, मासे, मधेच छोटे बार. या मार्केटच्या खाली सान खोर्खे किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथं एकेकाळी इन्क्विझिशनचं, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालयाचं ठाणं होतं, लोकांना डांबून ठेवायचे. वर टोमॅटो आणि खाली तुरुंग, मला जरा वेळ काही खायची इच्छाच झाली नाही. गोव्यातल्या इन्क्विझिशनबद्दल ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल, ते पोर्तुगीजांचं, पण याचंच भावंड. मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत टाइल्स आणि मातीच्या भांड्यांची दुकानं आहेत, त्रियानाची ओळखच ती. घराच्या नंबरची टाइल घ्या, बॅगेत मावते, फ्रिज मॅग्नेटपेक्षा बरी.

त्रियाना हा जुना जिप्सी लोकांचा, म्हणजे खितानोंचा मोहल्ला, फ्लेमेंको, म्हणजे तिकडचं गिटारवरचं गाणं आणि नाच, ज्या जागांमध्ये वाढला त्यातला एक. हे लोक मूळचे भारतातले, हजारेक वर्षांपूर्वी वायव्येकडून निघाले आणि पंधराव्या शतकात स्पेनला पोचले. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला 'पान्यी' म्हणतात आणि स्वतःला 'काले', म्हणजे आपलं काळे. हे मला शोच्या आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हाला सांगतोय. शोबद्दल एवढंच की जेवणासकट पॅकेज घेऊ नका, जेवण यथातथा आणि मधे काटे-चमच्यांचा खडखडाट. 'कुना' नावाच्या रस्त्यावर कासा दे ला मेमोरिया आहे, छोटी जागा, माइक नाही, तासाभराचा कार्यक्रम, तसलं काहीतरी बुक करा आणि पुढे बसा. नाचणारीच्या टाचा बघाल हे उघड आहे पण गाणाऱ्याकडे लक्ष ठेवा, फ्लेमेंकोचा जीव गाण्यात आहे, नाच नंतर आला. आमच्या बाबांना शब्द एक कळला नाही, पण मधे मधे प्रेक्षक 'ओले' म्हणतात ना, तिथं त्यांनी बरोबर समेवर "क्या बात है" टाकलं, आणि गिटारवाल्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. शो सुटल्यावर बाबा म्हणाले, हा माणूस रडतो तेही तालात.

आईंच्या जेवणाची काळजी करू नका, फक्त नियम पाठ करा. स्पेनमध्ये 'मांस नको' म्हटलं की त्यांच्या डोक्यात हॅम आणि ट्यूना येतच नाहीत, ते वेगळे. एका बारमध्ये मी मांस नको म्हणून सांगूनही बटाट्याच्या सॅलडमध्ये ट्यूना निघाला, आई पहिला घास घेऊन थांबली, मग पुढे दिवसभर फक्त ब्रेड. म्हणून प्रत्येक वेळी म्हणा, 'सिन कार्ने, सिन खामोन, सिन पेस्कादो, सिन आतून', मांस, हॅम, मासे, ट्यूना, चारही नको. फोनवर लिहून दाखवा सरळ. मग मागवा 'एस्पिनाकास कॉन गार्बान्सोस', पालक आणि छोले, त्यात जिरंसुद्धा असतं, आई म्हणाली मीठ-मिरची कमी पण आपलंच आहे. वांग्याचे तळलेले काप आणि वर काकवीसारखा उसाचा पाक, हेही मस्त लागतं. साल्मोरेखो म्हणजे गार, घट्ट टोमॅटोचं सूप, पण वर हॅमचे तुकडे आणि उकडलेलं अंडं पसरतात, आधीच सांगा. तोर्तिया म्हणजे अंडं-बटाटा, नावावरून पोळी समजून फसू नका.

पालक-छोल्यांसाठी एल रिनकोनसियोला जा. १६७० पासूनचा बार आहे, बिल खडूने लाकडी काउंटरवर लिहितात. छताला डुकराच्या तंगड्या टांगलेल्या असतात हे मात्र आईंना आधी सांगून ठेवा किंवा त्यांना हॉटेलवर ठेवून तुम्ही दोघंच जा, मी सांगितलं नव्हतं आणि अख्खा वेळ आईची नजर टेबलावरून वर गेली नाही.

तारखांचं एक बघाच. तुमचे दिवस ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात येतायत का? सेमाना सांता म्हणतात त्याला. आले तर हॉटेल दुप्पट-तिप्पट महाग, रस्ते बंद, टोकदार टोप्यांच्या लोकांच्या मिरवणुका तासन् तास (त्या टोप्या बघून अमेरिकेतला वर्णद्वेषी कू क्लक्स क्लॅन आठवू नका, ही प्रथा फार जुनी आहे, प्रायश्चित्ताची). जड मूर्तीच्या चौथऱ्याखाली माणसं वाकून खांद्या-मानेवर तोल घेत चालतात, बाहेरून फक्त पाय दिसतात, कधी एखादी बाई बाल्कनीतून एकटीच गायला लागते आणि अख्खी गल्ली चिडीचूप. मला तरी हे बघायला मिळालं तर मी राजवाडा सोडेन. पण गुडघे दुखत असतील तर गर्दीत तीन तास उभं राहणं अवघड, मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या एखाद्या कॅफेत लवकर जाऊन जागा धरा.

ऑगस्टचं राहिलं. ४३ डिग्रीत गेलो होतो, विदर्भातला आहे म्हणून फुशारकी मारत. दुपारी रस्त्यावर फक्त मी आणि जपानी टुरिस्ट. गल्ल्यांवर इकडून तिकडे कापडी छतं ताणलेली असतात तरी दगड तापतात ते तापतातच. या शहराने २०२२ मध्ये उष्णतेच्या लाटेला वादळासारखं नाव द्यायला सुरुवात केली, पहिलीचं नाव झोई, यावरून समजा.

बैलांच्या झुंजी मी बघितल्या नाहीत, बघणारही नाही, त्याबद्दल विचारू नका. लाकडी मशरूमसारखं 'सेतास' नावाचं भलंमोठं बांधकाम संध्याकाळी जाता-येता दिसतंच, वर जायला तिकीट आहे, हौस असेल तर जा. उरलेल्या अर्ध्या दिवसात इटालिका, बसने अर्धा तास, रोमन शहराचे अवशेष, सम्राट ट्राजन तिथला. पण उन्हात चालणं आहे, आईंसाठी मी हे कापेन आणि त्याऐवजी मठातली मिठाई घ्यायला जाईन.

ते असं, सान लेआन्द्रो मठातल्या नन बाहेर दिसत नाहीत. भिंतीत एक लाकडी फिरता कोनाडा असतो, घंटी वाजवायची, आतून आवाज येतो, पैसे ठेवायचे, कोनाडा फिरतो आणि तुमचा डबा समोर. चेहरा कुणाचा दिसत नाही. 'येमास' फेमस आहेत, पण अंड्याच्या बलकाच्या असतात, आई खात नसतील तर सांता पाउला मठात कडू संत्र्याचा जॅम मिळतो, तो घ्या. दुपारी मठ बंद असतो, सकाळी जा. माद्रिदहून येणार असाल तर रेल्वेचं तिकीट आत्ताच काढा, अडीच तासांची आव्हे नावाची वेगवान ट्रेन आहे आणि जितका उशीर तितकी महाग. मठाचा जॅम मात्र चेक-इन बॅगेत टाका, माझी बाटली सिक्युरिटीवाल्यांनी काढून घेतली.