पेशीपटलातली प्रथिनं साखर आत कशी नेतात? तिला सोडियम कशाला लागतं?

हे अकरावीच्या पुस्तकात चार ओळींत उरकतात. मी तोच विषय शिकवतो, आणि त्या चार ओळींवरून आमच्या दाजींशी माझं अकरा वर्षं वाजलेलं आहे. म्हणून जरा लांबण लावतो.

भाचा तेव्हा पाच वर्षांचा. जत्रेहून आलो आणि रात्रीपासून त्याला जुलाब. सकाळी डोळे खोल गेलेले. दाजी ग्लुकोजची पावडर चमच्यामागून चमचे ढवळून पाजतायत, "ताकद यायला पाहिजे." पोर पितंय आणि संडासाकडे पळतंय. मी विचारलं, मीठ कुठाय? "मास्तर, इथे वर्ग भरलेला नाही."

लहान आतड्याच्या पेशींवर एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. ते नुसतं भोक नव्हे, रहाटाचं गाडगं समजा: आतड्याकडे तोंड करून भरायचं, वळायचं, पेशीत ओतायचं. दोन्हीकडून एकदम कधीच उघडं नसतं. एका ग्लुकोजबरोबर मिठातल्या सोडियमचे दोन आयन (विद्युतभारित कण) बसतात तेव्हा ते वळतं. सोडियमला आत यायची घाई का? कारण पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चून त्याला सारखा बाहेर काढतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. मीठ-साखर आत गेली की पाणी मागोमाग. नुसती घट्ट साखर पाजली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं. दाजींचा ग्लास तो हाच.

कॉलऱ्यात पेशीतून क्लोराइड बाहेर जायची वाट सताड उघडी पडून पाणी वाहून जातं, तरी हे गाडगं फिरतच राहतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपातून वाटलं. जिथे शंभरातले तीस दगावत होते, तिथे चारच्या आत आले. हे मी दाजींना प्रत्येक दिवाळीत सांगतो.

त्यांचं उत्तर ठरलेलं: "पोरगं सलाईननेच वाचलं ना?" वाचलं, खरंय. दुपारपर्यंत ते मलूल पडलं होतं, लघवी बंद, पोटात काही ठरत नव्हतं. अशा वेळी दवाखानाच गाठायचा, तिथे माझंही मीठ-साखर चालत नाही. पण ती वेळ का आली, ते बोला की!

चॅनेल (पटलातली नुसती भोकं), ॲक्वापोरिन (पाण्याची वाट) वगैरे राहिलंच. ते पुस्तकात ठीक दिलंय.

ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चहाचा चमचा. आणि दाजी, वाचत असाल तर, सपाट.