सतत कमीपणा वाटतो. समुपदेशकाशी नुसतं बोलून काय फरक पडणार?

स्पर्धा परीक्षा सोडून साताऱ्यात वडिलांचं दुकान बघता, आणि तेव्हापासून भावकीतली लग्नं टाळता, असं तुम्ही लिहिलंय. नुसतं बोलून काहीच होत नाही, हे आधी सांगतो. दोन भेटींच्या मध्ये जे करायला लावतात, त्यानं फरक पडतो.

लग्नाचंच घ्या. चुलत्यांनी विचारलं, "काय रं, सध्या काय चाललंय?" त्याच क्षणी मनात आलं, 'हे मला नालायक समजतात.' ते वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवायचं. शेजारी लाजेला 0 ते 100 मधला आकडा द्यायचा, समजा 85. मग एका रकान्यात ते खरं असल्याचा पुरावा, दुसऱ्यात खोटं असल्याचा. गल्लत इथंच होते. 'मला तसं वाटलं' हा पुरावा नव्हे. चुलते तोंडानं जे बोलले, तेवढाच पुरावा. आता आकडा पुन्हा द्या. 85 चे 60 झाले तरी पुष्कळ.

पण वहीवर थांबू नका. पुढच्या लग्नाआधी अंदाज लिहा, 'दहा जण टोमणे मारतील.' अक्षता पडल्या की पहिल्या पंगतीला जेवून सटकायचं नाही, मोबाईलमध्ये तोंड खुपसायचं नाही. "परीक्षा सोडली अण्णा, आता दुकान बघतोय," एवढं सरळ सांगायचं आणि घरी येऊन अंदाज ताडून बघायचा. टाळत राहिलात तर अंदाज चुकीचा होता हे मनाला कधी कळतच नाही. न्यूनगंड टिकतो तो याच कारणानं.

आरशासमोर 'मी हुशार आहे' घोकायला सांगणाऱ्या व्याख्यात्यांचा मला मनापासून राग येतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगात, मुळात स्वतःबद्दल वाईट मत असलेल्यांना असली वाक्यं म्हणून उलट जास्त वाईट वाटलं होतं. पोरं घोकतात, फरक पडत नाही, मग त्याचाही दोष स्वतःलाच देतात. आणि समुपदेशन हे परदेशी खूळ म्हणणाऱ्या घरच्यांना सांगा, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत, म्हणजे मनातले अविवेकी विचार तपासून बदलण्याची पद्धत, मानसतज्ज्ञ कि. मो. फडक्यांनी मराठीत केव्हाच आणली आहे.

आठवड्याला एक भेट, पाऊण ते एक तास, साधारण 12 ते 20 भेटी धरून चला. पहिल्या एक-दोन माहिती घेण्यातच जातात, तेवढ्यावर सोडू नका. पहिल्याच भेटीत उपदेश सुरू करणारा समुपदेशक मात्र बदला.

हे सगळं साध्या न्यूनगंडासाठी. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर आजच, एकटे न राहता. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.