बेंबीचा हर्निया, जांघेतला हर्निया आणि व्हिडिओंचा घोळ

तुमच्या ३ वर्षांच्या मुलाच्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, आणि ‘थांबा, आपोआप बरा होतो’ असं एका व्हिडिओत ऐकून तुमचं मन डळमळलंय. व्हिडिओवाला बहुधा खोटं बोलत नसावा, तो बेंबीच्या हर्नियाबद्दल बोलत असणार. बेंबीचा हर्निया ४-५ वर्षांपर्यंत पुष्कळदा आपसूक बुजतो. जांघेतला बुजत नाही आणि त्यात आतडं अडकू शकतं, म्हणून ऑपरेशन. मथळ्यात नुसतं ‘मुलांचा हर्निया’ लिहिलं की असा घोळ होतो. जाळी बसवण्याचे व्हिडिओ दिसले तर तेही सोडून द्या. ते मोठ्या माणसांचे. लहान मुलांमध्ये सहसा फक्त हर्नियाची पिशवी बांधतात.

व्ह्यूज किती, यापेक्षा व्हिडिओ कधीचा आहे ते आधी पाहा. टॉन्सिल काढल्यावर दुखण्यासाठी कोडीन द्या, असं सांगणारा व्हिडिओ २०१० चा असेल तर तेव्हा ते चालत होतं. काही मुलांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि श्वास मंदावतो. मुलं दगावल्यावर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना ते देऊच नये असं सांगितलं. जुना व्हिडिओ मात्र तसाच फिरत राहतो. ‘रात्री १२ नंतर पाण्याचा थेंबही नको’ हेही जुनंच. आता साधं पाणी साधारण भुलीच्या २ तास आधीपर्यंत चालतं, दुधाला जास्त अंतर लागतं. तुमच्यासाठी मात्र तुमच्या भूलतज्ज्ञांनी दिलेली वेळ खरी.

मुलीच्या टॉन्सिलच्या वेळी मी डझनभर व्हिडिओ पाहिले होते. बहुतेकांत आतलं कापणं-शिवणं, म्हणजे शिकाऊ सर्जनच्या कामाचं, आपल्या नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या घशात पांढरा थर दिसला आणि पू झाला समजून माझे हातपाय गळाले. ती जखमेवरची खपली होती, ती येतेच. साधारण ५ ते १० दिवसांत ती सुटताना रक्त येऊ शकतं आणि आलं तर ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, हे मी पाहिलेल्यांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घरी आल्यानंतरचं काही न सांगणारा व्हिडिओ मी अर्धवट सोडते, समोर कितीही मोठा डॉक्टर असो.

एक मात्र आजच लक्षात ठेवा. ऑपरेशनच्या तारखेआधी जांघेतला हर्नियाचा फुगवटा कडक झाला, आत जाईना, मूल कळवळून रडायला किंवा उलट्या करायला लागलं, तर कुठलाही व्हिडिओ शोधत बसू नका, थेट हॉस्पिटलला निघा.