जुन्या डीझेल गाडीत डीझेल कुठल्या पंपावर भरावं? (ठाणे ते महापे, रोजचा प्रवास)

तुमची 2009 ची इंडिका, नुकतीच रीपासिंग केलेली. घर कासारवडवलीला, ऑफिस महापेला. मेकॅनिकने पंप-नोझलचं (इंजिनात दाबाने डीझेल सोडणाऱ्या भागांचं) काम काढलं आणि जाता जाता 'यापुढे डीझेल बघून भरा' असं सांगितलं. म्हणून तुम्ही विचारताय, कुठल्या कंपनीचं भरू?

कंपनीचा विचार सोडा, पंप नीट निवडा.

माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या एकमेकींच्या शेजारी आहेत, आणि सरकारी तेल कंपन्या गरजेप्रमाणे एकमेकींचा माल उचलतात. त्यामुळे आपल्या भागात बोर्ड वेगळा म्हणजे डीझेल वेगळं असं समजू नका. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या मानकाचं) इंधन आहे. गंधक आधीच्या बीएस-4 मध्ये 50 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 50 भाग) चालायचं, आता 10. गंधक काढताना डीझेलचा वंगणपणा कमी होतो, म्हणून 'गाडीतल्या जुन्या पंपाला हे डीझेल चालत नाही' असं काही जण सांगतात. पण तो वंगणपणा किमान किती असावा हे मानकातच ठरलेलं आहे आणि त्यासाठी रिफायनरी आपल्याकडून अ‍ॅडिटिव्ह घालते. तुमच्या गाडीची अडचण रिफायनरीत होत नाही. ती पुढे होते, टँकरमध्ये, पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत आणि कधीकधी तुमच्या स्वतःच्या टाकीत.

माझी स्विफ्ट डीझेल 2010 ची, सव्वादोन लाख किलोमीटर झालेली. काही वर्षांपूर्वी जुलैत, दोन दिवस पाऊस कोसळत होता तेव्हा, रस्त्यापेक्षा खाली असलेल्या एका पंपावर मी टाकी फुल केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी कशीबशी सुरू झाली, पांढरा धूर, मिसिंग, आणि विटाव्याच्या पुलाखाली बंद. कळव्याच्या मेकॅनिकने फिल्टरच्या बुडाचा स्क्रू सैल केला आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अर्ध्यापर्यंत डीझेल काढून ती बॉनेटवर ठेवली. पाच मिनिटं आम्ही दोघं नुसते बघत उभे. वर पिवळट डीझेल, खाली दोन बोटं स्वच्छ पाणी, आणि दोघांच्या मधोमध शेवाळासारखी काळी चिंधी तरंगतेय. "साहेब, सरबत भरलंय तुम्ही," तो म्हणाला. टाकी उतरवली, फिल्टर बदलला, नोझल तपासून दुरुस्त करणाऱ्या लॅबला पाठवले. पंपावर गेलो तर मॅनेजर म्हणतो, काल दोनशे गाड्या भरल्या, कोणाची तक्रार नाही. माझ्याकडे बिलही नव्हतं. मग भांडणार कशाच्या जोरावर?

तेव्हापासून मी पंप बघताना पहिली गोष्ट बघतो ती खप. तिथे डीझेलच्या नोझलला रांग लागते का? ठाण्यात आतल्या बाजूच्या बऱ्याच पंपांवर स्कूटर, पेट्रोल आणि सीएनजीची गर्दी असते आणि डीझेलचं मशीन कोपऱ्यात उभं. तिथला माल किती दिवसांचा, देव जाणे. तुमचा रस्ता मात्र चांगला आहे. कळव्यावरून ठाणे-बेलापूर रोडला लागलात की दिघा, रबाळे, घणसोली, सगळीकडे एमआयडीसीचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसेस. ट्रकवाले जिथे रोज भरतात तिथे टाकी सतत खाली होते आणि ताजी भरते. शिवाय ट्रकवाला लिटरला किती किलोमीटर पडले ते तोंडपाठ सांगतो, गडबड झाली तर तो पंप बदलतो. फक्त ट्रकसाठीच्या मोठ्या प्रवाहाच्या नोझलने भरू नका, फेस येऊन ते मधेच कट होतं. पोराला सांगायचं, "दादा, हळू सोड."

दुसरी गोष्ट, पंप उंचावर आहे का. पावसाळ्यात टाक्यांच्या झाकणांभोवती पाणी साचत असेल तर मी तिथे थांबत नाही. आणि टँकर खाली होत असेल तर तासभर तरी नको. तळाचा गाळ आणि पाणी ढवळलेलं असतं.

तिसरी गोष्ट घनता. बऱ्याच पंपांवर बिलावर आकडा येतो, माझ्या बिलांवर बहुतेक वेळा 820 ते 840 च्या मधे (किलो प्रति घनमीटर) असतो. रॉकेल डीझेलपेक्षा हलकं, ते मिसळलं की आकडा उतरतो. आणि रॉकेल वंगण देत नाही, म्हणून तुमच्या इंडिकाच्या रोटरी पंपाला ते विषच. अर्थात बिलावरचा आकडा त्यांनीच भरलेला असतो, त्याच्यावर जीव टाकू नका. शंका आली तर हायड्रोमीटर (घनता मोजायची काचेची नळी) मागा. तो, थर्मामीटर आणि तक्ता प्रत्येक पंपावर असावाच लागतो. तक्त्यावरून 15 अंश तापमानाला आणलेली घनता आणि त्यांच्या नोंदवहीतली घनता यांत 3 पेक्षा जास्त फरक असेल तर विषय गंभीर आहे. मी हे फक्त एकदाच मागितलं. तोंड वाकडं करत का होईना, दाखवलं. त्या पंपावर मी आजही भरतो.

मापाची चोरी हा वेगळा विषय, लोक दोन्ही एकत्र करतात. 2017 मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पंपांवर छापे घालून मशीनमधली फेरफार पकडली होती, ती मापाची होती. त्यासाठी पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागता येतं, 25 मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. पाचशेऐवजी 510 रुपयांचं भरण्याने काही साधत नाही.

स्वस्तासाठी हद्दीबाहेर जाऊन भरायचीही आता गरज नाही. पूर्वी मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डीझेलवर 24 टक्के व्हॅट होता, जुलै 2024 पासून तो 21 झाला. हायवेच्या कडेला 'बायोडीझेल' म्हणून ड्रममधून जे विकतात त्याच्याकडे तर बघूही नका.

प्रीमियम डीझेल? त्यातल्या अ‍ॅडिटिव्हने नोझल साफ राहायला मदत होते, पण झिजलेला पंप त्याने भरून येत नाही. मी चार-पाच टाक्यांमागे एकदा भरतो, त्यातही निम्मं मनाचं समाधान. टाकीत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक स्कूटरचं) ओतायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. मी ओतत नाही.

त्यापेक्षा तो पैसा फिल्टरवर घाला. मी 15 हजार किलोमीटरला बदलतो, कंपनीचाच, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा खालच्या स्क्रूने पाणी काढतो. टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देत नाही. पंप-नोझलचं काम करून घ्याल तेव्हा टाकीही उतरवून धुवायला सांगा. इतक्या वर्षांचा गाळ नव्या नोझलमध्ये गेला तर पंप कितीही चांगला शोधा, पंधरा दिवसांत परत लॅबची पायरी. आणि काढलेलं डीझेल मेकॅनिकला फेकू देऊ नका, पारदर्शक बाटलीत रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पाणी दिसलं तर ज्या पंपाचं बिल खिशात आहे त्या पंपावर ती बाटली घेऊनच जा.